शेवटच्या रांगेतला हात

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर वर्षी एका रविवारी दुपारी मुलांची गाण्याची आणि वाद्यांची स्पर्धा व्हायची, आणि एकोणीस वर्षं त्या स्पर्धेचा माइक एकाच माणसाच्या ताब्यात होता. धंद्याने तो इलेक्ट्रिशियन. लोकांचे पंखे, दिवे, मीटर, जळलेल्या वायरी हे त्याचं रोजचं काम. पण मुलं त्याला ओळखायची ती माइकवाले काका म्हणून, आणि इलेक्ट्रिशियनपेक्षा हे नाव त्याला जास्त आवडायचं.

स्पर्धा सुरू केली होती त्याच्या बायकोने. ती शाळेत संगीत शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, आणि ऐकून ऐकून तोही घरात बाईच म्हणायला लागला होता. बाईचं म्हणणं असं की घरात दार लावून वाजवणं निराळं आणि समोर शंभर माणसं खोकत असताना वाजवणं निराळं. पोरांना ती शंभर माणसं लवकर भेटलेली बरी. म्हणून तिने स्पर्धा काढली. बक्षीस म्हणजे एक कप आणि टाळ्या. नियम एकच, अर्जावर ठळक छापलेला: प्रत्येकाला एकच संधी. चुकलात तर तिथूनच पुढे चला, पहिल्यापासून नाही. एकदा नगरसेवकाचा भाचा गिटार वाजवताना अडखळला आणि नगरसेवक पुन्हा संधी मागायला उठले, तेव्हा बाईने त्यांना हसत हसत खाली बसवलं होतं. त्यानंतर कोणी त्या वाटेला गेलं नाही.

माइकची दोघांची एक पद्धत होती. बाई शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. तो स्टेजच्या बाजूला, माइकचा आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरपाशी. बाईचा तळहात वर गेला की आवाज वाढवायचा, तळहात खाली वळला की कमी करायचा, मूठ मिटली की हात लावायचा नाही. त्याची नजर सबंध वेळ त्या हातावर. एकोणीस वर्षांत त्याने स्टेजकडे पाहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. "आमच्या ह्यांना वायर कळते, सूर कळत नाही," असं बाई चारचौघांत सांगायची आणि तोही सगळ्यांबरोबर हसायचा. पण स्पर्धा संपली की पालक येऊन म्हणायचे, काका, आवाज काय सुरेख लावता हो. तो म्हणायचा, अनुभव आहे. दर वर्षी तेच म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

बाई थंडीत गेली. तिच्या आजारपणात घर औषधांच्या बाटल्यांनी भरलं होतं. त्या सगळ्या फेकल्या आणि मग घरात काहीच उरलं नाही असं त्याला वाटलं. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. एवढंच.

स्पर्धेचा महिना जवळ आला तशी मेहुणी आली. बाईची धाकटी बहीण. तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि स्पर्धेची नावनोंदणी दर वर्षी तिच्याच दुकानात व्हायची. ती म्हणाली, भावोजी, या वर्षी नाही झाली तरी कोणी नावं ठेवणार नाही.

"का नाही होणार?" तो म्हणाला. "माइक मीच लावायचो ना?"

मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज छापायला टाकले.

आता स्पर्धा घ्यायची म्हणजे घ्यायचीच होती, पण त्यातही त्याचा जीव एका अर्जात अडकला होता. आदल्या वर्षी व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी स्टेजवर मधेच थांबली होती. संथ भाग आला आणि तिला पुढचं आठवेना. ती तशीच उभी राहिली, मग वाद्य काखेत मारून खाली उतरली आणि सरळ जिन्याने निघून गेली. बाईने नियम मोडला नाही. पण पुढे अंथरुणाला खिळल्यावर ती दोनतीनदा त्या मुलीबद्दल बोलली. "नियम मोडला नाही ते बरंच केलं," ती म्हणाली होती. "पण ती अर्ध्यात उतरली हो. तिला एकदा शेवटपर्यंत वाजवू दे. मग सोडायचं तर खुशाल सोडू दे. तुम्ही तिला परत स्टेजवर आणा."

त्याने हो म्हटलं होतं. बाईला हो म्हटलेलं एवढं एकच काम शिल्लक होतं.

अर्जाची मुदत संपत आली तरी मुलीचा अर्ज येईना. तेव्हा तो स्वतःच तिच्या घरी गेला. लाँड्रीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती राहायची. बाप बसचा ड्रायव्हर, आई लाँड्रीतच कामाला. तो खालच्या दारातून आत शिरला आणि थांबला. वरून व्हायोलिन ऐकू येत होतं. मुलगी जिन्यातच, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर उभी राहून वाजवत होती. भिंतींना खालपासून वरपर्यंत फरशा बसवलेल्या, आणि प्रत्येक सूर त्याच्यापर्यंत कानात सांगितल्यासारखा येत होता. माइक नाही, काही नाही. त्याला ते आवडलं. त्यातून काही शिकावं असं मात्र तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नाही.

तो वर आल्यावर मुलीने व्हायोलिनचा गज खाली घेतला. ती पंधरा वर्षांची, उंच, आणि स्वतःची उंची चोरत उभी राहणारी. त्याने जिन्यातला बिघडलेला दिवा पाहायला आल्याचं सांगितलं. दिवा खरंच बिघडलेला होता, त्याने तो दुरुस्तही केला, आणि शिडीवरूनच विचारलं की अर्ज का नाही भरला.

तिने सांगितलं की ती आता फक्त इथे वाजवते. इथे कोणी बघत नाही. तेवढ्यात बाप ड्यूटीवरून आला. तो म्हणाला, काका, तुम्ही मोठे आहात, पण पोरीला पुन्हा तोंडावर आपटायला नका लावू. गेल्या वर्षी आठ दिवस जेवली नाही.

"पाच," मुलगी म्हणाली. "आणि पोळ्या मी स्वयंपाकघरात उभी राहून खायचे."

बाप म्हणाला की त्या पोळ्या जातात कुठे हे त्याला आत्ता कळतंय. मग तिघेही हसले. हसल्यावर दार थोडं उघडतं, हे घरोघर फिरणाऱ्या माणसाला माहीत असतं. तो शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "हे बघ. वाजवायचं काम तुझं. आवाजाची काळजी माझ्यावर सोड. एकोणीस वर्षं माझ्या माइकने कोणाला दगा दिलेला नाही."

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने खांदे उडवले. दोन दिवसांनी मेहुणीच्या दुकानात अर्ज आला.

त्या वर्षी वाचनालयाने हॉल नवा केला होता. जुनी जाड सतरंजी काढून चकचकीत फरशी घातली होती. खिडक्यांचे धुळीने भरलेले पडदे गेले होते आणि मोठमोठ्या काचा आल्या होत्या. त्याने सगळं पाहिलं आणि वायरिंग चांगलं केलंय असं मनात म्हटलं. बाकीचं त्याच्या नजरेत भरलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याने स्पीकर उभे केले, वायरी ओढल्या आणि मिक्सर मांडला. मिक्सरवर बाईच्या अक्षरात चिकटपट्टीचे तुकडे होते: गाणं, गिटार, बासरी, व्हायोलिन. कोणाचा आवाज कुठून सुरू करायचा त्याच्या त्या खुणा. त्याने सगळं खुणांवर आणलं आणि मेहुणीला स्टेजवर बोलायला लावलं. ती एक दोन तीन म्हणाली आणि थांबली.

"भावोजी, माझाच आवाज मला परत येतोय."

त्याने सांगितलं की हॉल रिकामा आहे म्हणून तसं वाटतं, माणसं भरली की आवाज शोषून घेतील.

"माणसं म्हणजे काय टीपकागद आहेत?" मेहुणी म्हणाली. पण तिला खुर्च्या मांडायच्या होत्या, तिने विषय सोडला.

खुर्च्या मांडून झाल्यावर तो शेवटच्या रांगेकडे गेला आणि दाराजवळच्या खुर्चीवर त्याने आपली हत्यारांची पेटी ठेवली. तिथे कोणी बसायला नको होतं. मेहुणीने ते पाहिलं आणि त्या खुर्चीला धक्का न लावता बाकीची रांग सरळ केली.

दुपारी हॉल गच्च भरला. एकूण पंधरा नावं पुकारायची होती. पहिला आला ड्रम वाजवणारा; त्याला माइकची गरजच नव्हती. मग दोन बहिणी गायल्या. आवाज जरा घुमला, पण लोकांनी टाळ्या भरपूर दिल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानात बोट घातलं. वय झालं की असं होतं, असं त्याला वाटलं. मग गिटार, मग बासरी. माणसांनी आवाज थोडा शोषलाही होता. सातवं गाणं संपेपर्यंत त्याची छाती चांगली रुंद झाली होती. दर वेळी नजर सवयीने शेवटच्या रांगेकडे जायची, पेटी दिसायची, आणि तो मान वळवायचा. चाललंय की, त्याने मनात म्हटलं. बाईशिवाय चाललंय.

आठवी व्हायोलिनवाली. मेहुणीने पुकारलं तशी ती आली. मागच्या वर्षीचं आठवणारे थोडे लोक कुजबुजले. बाप बसच्या खाकी गणवेशातच भिंतीला टेकून उभा होता. ड्यूटी अर्धी टाकून आला होता.

तिने सुरू केलं. माइकवाल्याने चिकटपट्टीच्या खुणेवर आवाज आणला. पहिला भाग जोरकस होता आणि ती तो चांगला वाजवत होती, हे त्याला लोकांच्या माना पाहून कळलं. मग संथ भाग आला. इथे बाईचा हात वर जायचा हे त्याला पाठ होतं. बारीक वाजवणाऱ्या प्रत्येक पोराच्या वेळी गेलाच होता. हात दिसायची वाट पाहायची गरज काय? त्याने स्वतःच्या हिमतीवर आवाज वाढवला.

स्पीकरमधून शिट्टी फुटली. फरशीवरून आणि काचांवरून ती चहूबाजूंनी परत आली. लोकांनी कान झाकले. आणि त्याने काय केलं? बटण खाली घ्यायचं सोडून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. खुर्चीवर पेटी होती. तो पेटीकडे पाहत राहिला. चार सेकंद, पाच सेकंद. पेटीला हात नसतो. मग कुठे त्याचं बोट हललं आणि शिट्टी थांबली.

व्हायोलिनही थांबलं होतं. त्याच भागात, जिथे गेल्या वर्षी थांबलं होतं.

मुलगी तशीच उभी होती. कोणीतरी मागे म्हणालं, बिचारी, पुन्हा. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. त्या हॉलमध्ये आता सगळंच सगळ्यांना ऐकू जात होतं. मुलीने गज खाली घेतला आणि ती स्टेजच्या पायऱ्यांकडे वळली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मेहुणीने पुढचा अर्ज हातात घेतला, पण नाव पुकारलं नाही. तिने भावोजींकडे पाहिलं.

त्याला कळलं की तो आता गप्प बसला तर कोणीही त्याला दोष देणार नाही. पोरगी घाबरली, एवढंच लोकांच्या लक्षात राहील. एकोणीस वर्षांचं नाव शाबूत राहील. आणि बाईचा नियमसुद्धा.

तो मिक्सर सोडून उठला आणि स्टेजवर चढला. स्पर्धा चालू असताना तो पहिल्यांदाच तिथे उभा राहत होता. इथून शंभर माणसं फार जवळ दिसतात हे त्याला माहीत नव्हतं. पोरं हे करतात, त्याने मनात म्हटलं, आणि दर वर्षी करतात.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," तो म्हणाला. "आज अंगणच वाकडं आहे, आणि ते मी केलंय. शिट्टी माझ्या हाताने झाली. हॉल बदलला आणि मी जुन्याच खुणांवर आवाज लावत बसलो. हिची काही चूक नाही. हिला पहिल्यापासून वाजवू द्या."

परीक्षकांमध्ये वाद्यांच्या दुकानाचा मालक होता. सरळ माणूस. त्याने शांतपणे विचारलं की मग बाईंच्या नियमाचं काय करायचं.

"नियम वाजवणाऱ्याच्या चुकीसाठी आहे," तो म्हणाला. "वायरवाल्याच्या चुकीसाठी नाही. बाई असती तर तिने मला आधी खाली उतरवलं असतं."

हॉलमध्ये हसू पसरलं. जुन्या लोकांना बाई माहीत होती. दुकानदाराने दोन्ही बाजूंच्या परीक्षकांकडे पाहून मान हलवली.

राहिली मुलगी. ती पायऱ्यांशी उभी होती, एक पाय खाली. तो तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, की मी तुला शब्द दिला आणि मीच माती खाल्ली. आता तू म्हणशील तसं. जायचं असेल तर जा. मी तुझ्या बापाची बोलणी खाईन.

तिने माइककडे पाहिलं, मग खाली चकचकीत फरशीकडे, मग काचांकडे.

"काका, हे आमच्या जिन्यासारखं आहे," ती म्हणाली. "माइक काढा."

जिन्याच्या तळाशी उभं राहून त्याने जे ऐकलं होतं ते त्याला आता कळलं. त्याने माइकचं स्टँड उचललं आणि बाजूला ठेवलं. वायर ओढून काढली. मग त्याला सुचेना की आता आपण कुठे बसायचं. मिक्सरपाशी त्याला काही काम उरलं नव्हतं. तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेला, पेटी उचलून खाली ठेवली आणि बाईच्या खुर्चीत बसला.

तिथून स्टेज निराळंच दिसत होतं. मुलगी त्याच्याकडेच पाहत होती. तिने एक सूर काढला, लांब. त्याने ऐकलं. खरंच ऐकलं, कान देऊन, कारण पाहायला दुसरा हात नव्हता. सूर येत होता, पण पंख्याच्या घरघरीखाली दबत होता. त्याने तळहात वर केला. आपण असं काही करणार हे त्याला करेपर्यंत माहीत नव्हतं. मुलीने गजाला जरा जोर दिला. त्याने शेजारच्या माणसाला सांगून पंखा बंद करवला आणि मूठ मिटली. बास. असंच.

तिने पहिल्यापासून वाजवलं. संथ भाग आला तेव्हा बापाने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. एके ठिकाणी तिचं बोट चुकलं, ते माइकवाल्यालासुद्धा कळलं, आणि ते कळल्याचं त्याला नवल वाटलं. ती थांबली नाही. तिथूनच पुढे गेली. खोकायची इच्छा असलेल्यांनी खोकला गिळला. शेवटचा सूर काचांवर जाऊन आला आणि मग टाळ्या पडल्या. बाप वाजवत होता ते बसच्या दारावर थाप मारावी तसं, भिंतीवर.

सुरेख झालं, हे सांगायला तो मिक्सरकडे परत आला तेव्हा मुलगी तिथेच व्हायोलिन त्याच्या पेटीत ठेवत होती. तोंडावर हसू होतं. तिने विचारलं की कप मिळेल का. त्याने सांगितलं की ड्रमवाल्याला मिळेल, तो फारच तयार आहे. ती म्हणाली, हो, तो आहेच. आणि लगेच, पुढच्या वर्षी बघते त्याला.

अजून सात नावं राहिली होती. सगळ्यांना माइक सोडून चालणार नव्हतं. पुढची मुलगी गाणारी होती, आठ वर्षांची, आणि तिचा आवाज चिमणीएवढा. मेहुणी अर्ज घेऊन उभी राहिली आणि तिने भुवयांनीच विचारलं, काय करायचं.

त्याने मिक्सरवरची चिकटपट्टी नखाने सोडवली. बाईचं अक्षर फाटू नये म्हणून हळूहळू, एकेक तुकडा, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग तो व्हायोलिनवालीला म्हणाला, "शेवटच्या रांगेत दाराजवळ खुर्ची आहे. तिथे जाऊन बस. तळहात वर म्हणजे वाढवा, खाली म्हणजे कमी करा, मूठ म्हणजे हात लावू नका. मला वायर कळते, सूर तुला कळतात."

"आणि मी चुकले तर?"

"चुकलीस तर तिथून पुढे."

ती गेली. वाटेत बापाने तिच्या डोक्यावर टपली मारली. ती खुर्चीत बसली तेव्हा उंची चोरायची विसरली होती, त्यामुळे पुढच्या सगळ्या डोक्यांवरून ती त्याला नीट दिसत होती. चिमुरडी स्टेजवर आली, तिने दोन्ही हातांनी माइक धरला आणि तोंड उघडलं. मागे तळहात खाली वळला. त्याने आवाज कमी केला. तळहात आणखी खाली. त्याने आणखी कमी केला.

मूठ मिटली.